शाळेच्या स्वयंपाकघरात इंधन आणि अन्न कसं वाचवाल?

ताई, शाळेच्या स्वयंपाकघरासाठी बायोगॅस किंवा सोलर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत; पण तो विचार सध्या बाजूला ठेवा. नासाडी आधी मोजमापात होते.

पटावर ५०० मुलं असली तरी रोज हजेरी घेतल्यावरच तांदूळ मोजा. पहिली ते पाचवीला माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम. म्हणजे ४२० हजर असतील तर तांदूळ ४२ किलो. सरसकट ५० शिजवले, तर आठ किलो तांदूळ आणि त्यावरचा गॅस उकिरड्यावर जातो.

इंधनासाठी एवढंच सांभाळा:
- मटकी, हरभरा रात्रीच भिजत घाला. तूरडाळ तासभर आधी.
- पातेल्यावर घट्ट झाकण. उकळी फुटली की आच कमी करा. ज्वाला बुडाबाहेर आली तर ती हवाच तापवते.
- ज्योत पिवळी, बूड काळं? बर्नरची छिद्रं तुंबलीत, साफ करा.

तांदूळ धुतलेलं पाणी परसबागेला घाला, पण खरकटं, तेलकट पाणी नको.

नवीन माणूस हमखास चुकतो ते उरलेल्या अन्नात: ते दुसऱ्या दिवशी वाढायचं नाही. ताटातलं उष्टं रोज वेगळं तोला. भाजीच परत येत असेल तर पुढच्या वेळी ताजी भाजी बारीक चिरून खिचडीत घाला. महिनाभराची ही वजनं हातात आली की मग बायोगॅसचं बोलू.