यादीत नाव आहे, मग नोंदणी कशासाठी?

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात तयार होणारा एक सेंद्रिय पदार्थ आम्ही प्रथमच युरोपीय संघातील ग्राहकांना पाठवणार आहोत. त्याला कॅस क्रमांक आहे. अमेरिकेच्या टोस्का यादीत आणि युरोपच्या जुन्या आयनेक्स यादीतही तो सापडतो. तरीही ग्राहक ‘रीच’ या युरोपीय संघाच्या रसायनविषयक कायद्याखालील नोंदणीचा आग्रह धरतात. ही मागणी रास्त आहे का?

उत्तर : मागणी रास्त आहे. ओळख, यादी आणि नोंदणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत मुरलेले निर्यातदारही करतात.

कॅस क्रमांक ही अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एका विभागाने पदार्थाला दिलेली ओळख आहे. त्यात कोणत्याही सरकारची परवानगी अनुस्यूत नसते. यादीवरून कळते ते एवढेच, की त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने पदार्थ जुना आहे की नवा. अमेरिकेत १९७६ च्या टोस्का कायद्यानुसार, यादीत नसलेला पदार्थ बनवण्यापूर्वी किंवा आयात करण्यापूर्वी, काही सवलती वगळता, किमान ९० दिवस आधी पर्यावरण संरक्षण संस्थेला सूचना द्यावी लागते. यादीत असलेल्या पदार्थाला ती लागत नाही आणि हा लाभ कोणत्याही उत्पादकाला मिळतो. मात्र तेथेही नोंद सक्रिय आहे की निष्क्रिय आणि तिच्यावर एखाद्या विशिष्ट वापराचे बंधन आहे का, हे पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.

आयनेक्सची गोष्ट निराळी. १ जानेवारी १९७१ ते १८ सप्टेंबर १९८१ या काळात युरोपच्या बाजारात असलेल्या १,००,२०४ पदार्थांची ती बंद झालेली यादी आहे. १ जून २००७ पासून रीच लागू झाल्यावर जुन्या पदार्थांना नोंदणीसाठी मुदतवाढ मिळाली खरी, पण तिचा शेवटचा टप्पा ३१ मे २०१८ रोजी संपला. आज आयनेक्समधील नावामुळे नोंदणी टळत नाही.

रीचमधील जबाबदारी पदार्थापाठोपाठ नव्हे, तर उत्पादक किंवा आयातदार असलेल्या प्रत्येक कायदेशीर संस्थेपाठोपाठ चालते. एखाद्या संस्थेचे वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक उत्पादन अथवा आयात असेल, तर तिला हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे स्वतःची नोंदणी करावी लागते. स्पर्धकाने केलेली नोंदणी तिच्या कामाची नसते. दहा टनांपासून रासायनिक सुरक्षितता अहवालही जोडावा लागतो. चाचण्यांची माहिती मात्र सामाईक असते, त्यामुळे नव्याने येणाऱ्याने आधीच्या नोंदणीधारकांना खर्चातील वाटा देऊन ती वापरण्याचा हक्क घ्यायचा असतो. फी भरण्याआधी या वाट्याची चौकशी करावी, कारण अंदाजपत्रक सहसा येथेच कोलमडते.

संघाबाहेरील उत्पादक म्हणून तुम्हाला स्वतः नोंदणी करता येणार नाही. एक तर ग्राहकाने आयातदार या नात्याने ती करावी, किंवा तुम्ही संघात स्थापित असलेला ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमावा. ग्राहक एकाहून अधिक असल्याने दुसरा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो : प्रतिनिधीच्या नोंदणीत तुमचे सर्व आयातदार सामावतात आणि संघातील ग्राहक बदलला तरी नोंदणी तुमच्या हातात राहते.

प्रश्न : आमच्या मोरचुदाच्या पिशवीवर ७७५८-९९-८ हा कॅस क्रमांक आहे. टोस्का यादीत शोधल्यावर तो मिळत नाही. मिळतो तो ७७५८-९८-७. छपाईत चूक झाली असेल का?

उत्तर : नाही. पहिला क्रमांक पाच जलरेणू असलेल्या निळ्या मोरचुदाचा आहे, तर दुसरा निर्जल कॉपर सल्फेटचा. टोस्कामध्ये जलयुक्त रूप हे निर्जल पदार्थ आणि पाणी यांचे मिश्रण मानले जाते, म्हणून निर्जल रूपाच्या नोंदीतच त्याचा समावेश होतो. रीचमध्येही जलयुक्त रूपाला सूट आहे. मात्र ती घेणाऱ्या उत्पादकाने किंवा आयातदाराने निर्जल रूपाची नोंदणी स्वतः केलेली असावी लागते. त्यामुळे शोध घेताना दोन्ही क्रमांक टाकून पाहावेत आणि वार्षिक परिमाण मोजताना कोणते रूप धरले आहे, ते कागदपत्रांत स्पष्ट लिहावे.