गोळी थांबवली म्हणजे बाळ सुरक्षित झालं का?

"मॅडम, दिवस गेलेत. आता ती डोक्याची गोळी बंद करू ना?" सांगली, तासगाव, विटा, जत, बाई कुठलीही असो, प्रश्न हाच. बऱ्याच जणींनी विचारायच्या आधीच गोळी सोडलेली असते. (ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत.)

ही 26 वर्षांची. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय येण्याचा मानसिक आजार. त्यावरच्या ओलान्झापिन 10 मिलिग्रॅम गोळीवर 3 वर्षं तब्येत उत्तम. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंबरोबर आली. नवरा रोज हातावर गोळी ठेवायचा. ही अर्धी खायची आणि अर्धी मिसळणाच्या डब्यात हळदीखाली दडवायची. ते तुकडे सोबत आणले होते; रुमालाची गाठ सोडली तर आत 11 पिवळेधमक तुकडे. झोप 3 तासांवर आली होती.

"मागं गोळी सुटली तेव्हा काय झालं होतं?"

"आत्या (सासूबाई) जेवणात काही घालतात असं वाटायचं. 4 दिवस जेवले नव्हते."

"आता तसं झालं तर?"

बराच वेळ ती गप्प. मग हात पोटावर गेला. "म्हणजे हे पण उपाशी."

इथे गाठ सुटली. औषध पोटातल्या बाळापर्यंत पोचतं हे तिला ठाऊक होतं. आजारही पोचतो, हे तिचं तिलाच उमगलं. मी सांगितलं असतं तर तो उपदेश झाला असता.

आता औषधांचं. गोळी न घेणाऱ्या आयांच्याही 100 तल्या साधारण 3 बाळांत जन्मजात व्यंग असतं. ओलान्झापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल या अशा आजारावरच्या गोळ्यांनी ते प्रमाण ठळकपणे वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढू शकते. म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. सोबत व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मूडच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ते बाळाला खरोखर घातक आहे. मनानं मात्र कोणतीच गोळी बंद करू नका.

बाळंतपणाच्या फाइलवर औषध आणि डोस ठळक लिहा. बाळाला पहिले काही दिवस थरथर, ताठरपणा, ढिलेपणा, दूध न ओढणं किंवा श्वासाचा त्रास होऊ शकतो. बालरोगतज्ज्ञाला आधीच कल्पना हवी. ओलान्झापिन, क्वेटियापिन दुधात फार थोडी उतरतात, अंगावर पाजता येतं. क्लोझापिन या त्याच गटातल्या गोळीवर असाल तर पाजणं टाळतात. बाळ सुस्त राहिलं, प्यायला उठेना, तर दाखवा.

सगळ्यात नाजूक काळ बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे, आणि तिथे घात करतं ते जागरण. आईला सलग 5 तास झोप मिळालीच पाहिजे. गोळीनं गुंगी येते, म्हणून बाळ तिच्या अंथरुणात नको, शेजारी वेगळं झोपवा.

"पोटुशीनं असलं कशाला खायचं" म्हणणाऱ्या सासूबाई शेवटच्या भेटीत पुढं सरकून बसल्या. "रातचं बाळ मी बघते. दूध काढून किती वेळ टिकतं?"

"झाकून ठेवलं तर बाहेर 4 तास. उन्हाळ्यात त्याहून कमी धरा."

त्यांनी सुनेकडून ते फाइलवर लिहून घेतलं.