मागच्या बाकावर, दाराजवळ

"ताई, माझे वय ४१. महाविद्यालयात असताना मी ४०० मीटर धावत असे. आता आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी गीते चालवतो आणि तरुण संघाला खेळ शिकवतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने विश्वासाच्या जीवनाला धावेची उपमा दिली, तिलाच मी माझे सूत्र मानले आहे. पहाटे प्रार्थना आणि शास्त्रवाचन करतो, रात्री वहीत त्या दिवसापुढे 'जय' किंवा 'हार' लिहितो. गेले काही महिने 'हार'च जास्त लिहावी लागते, कारण चिडचिड होते आणि प्रार्थनेत मन लागत नाही. ऑलिंपिक धावपटू एरिक लिडेल यांच्यासारखा अढळ, विजयी विश्वास रोज कसा जगावा? पत्नीचा भाऊ गेल्यापासून घरातही उत्साह नाही. उपासनेत ती हल्ली मागच्या बाकावर, दाराजवळ बसते. तिच्यातही विजयी वृत्ती यावी म्हणून मी काय करू?"

बंधू, तुमच्या पत्राचा बहुतेक भाग तुमच्या नेमाने आणि वहीने व्यापला आहे, आणि पत्नीच्या वाट्याला शेवटी दोन-तीनच वाक्ये आली आहेत. मी त्या वाक्यांपाशीच थांबले.

मागच्या बाकावर, दाराजवळ कोण बसते हे मंडळीत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. रडणारे मूल घेऊन आलेली आई बसते, उशिरा आलेला माणूस बसतो, आणि आशीर्वचन संपताच, कोणी हात हातात घेऊन "प्रभूची इच्छा" असे म्हणण्यापूर्वी, ज्याला बाहेर पडायचे असते तो बसतो. तुमची पत्नी या तिसऱ्या प्रकारची आहे, असे मला वाटते. तिने उपासना सोडलेली नाही, ही गोष्ट तुम्ही नोंदवलीही नाहीत. भाऊ गमावलेली ही बाई दर रविवारी येते, आणि तुम्ही समोर उभे राहून विजयाची गीते चालवत असता तेव्हा गीतपुस्तक उघडे धरून तिचे ओठ हलतात की नाही, हे तुम्हाला तिथून स्पष्ट दिसत असणार. तरीही तुमचा प्रश्न असा आहे की, तिच्यात विजयी वृत्ती कशी आणावी. हे वाचून मला राग आला, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

तुम्ही लिडेल यांचे नाव घेतले आहे, तर त्यांच्याविषयीच बोलू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, आणि तो दिवस ते प्रभूचा म्हणून पाळत, म्हणून त्यांनी आपली ती हुकमी शर्यत सोडली आणि ४०० मीटर धावून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. तरुण संघाला तुम्ही हीच गोष्ट सांगत असणार. पण तिचा पुढचा भागही आहे. लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेले, आणि १९४३ पासून जपान्यांच्या वेइशिएन येथील नजरबंदी छावणीत राहिले. त्या छावणीतल्या मुलांनी एका रविवारी पंचाविना हॉकीचा सामना खेळला आणि त्याचा शेवट मारामारीत झाला. ज्या माणसाने ऑलिंपिकमधली शर्यत रविवारसाठी सोडली होती, तोच माणूस पुढच्या रविवारी त्या मुलांसाठी पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीने त्यांचे निधन झाले. पदकाइतकाच तो हॉकीचा सामनाही तुमच्या उपयोगाचा आहे, किंबहुना तुमच्या सध्याच्या अवस्थेत जास्तच, कारण तिथे त्यांनी स्वतःचा जपलेला नेम दुसऱ्याच्या गरजेपुढे बाजूला ठेवला.

शास्त्रातली धावही तुम्ही अर्धीच वाचली आहे, असे मला म्हणावे लागते. करिंथकरांस लिहिताना पौल शरीर कुदलून त्याला दास करून ठेवण्याविषयी बोलतो, पण ते शरीर त्याचे स्वतःचे आहे. बायकोला शिस्त लावण्याचा परवाना त्या वचनात कुठेही मिळत नाही. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात नेमून दिलेली धाव धीराने धावण्यास सांगितले आहे, ते तुम्हाला पाठ असेल. त्याच अध्यायात, बाराव्या आणि तेराव्या वचनांत, गळलेल्या हातांचा आणि लटपटणाऱ्या गुडघ्यांचा उल्लेख येतो, आणि जे लंगडे पडले आहे ते बरे व्हावे म्हणून वाटा सरळ करण्यास सांगितले जाते. म्हणजे ज्या वाटेवर तुम्ही धावता आहात, तिच्यावर लंगडणारे माणूसही आहे, हे लेखकाने गृहीतच धरले आहे. "महाविजयी" हा तर आपल्या सर्वांचा आवडता शब्द, घरोघरी भिंतीवर लावलेला. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात त्याच्या आधी क्लेश, उपासमार, नग्नता आणि तरवार यांची यादी आहे. ती यादी मात्र कोणी भिंतीवर लावत नाही.

तुमच्या चिडचिडीविषयी मी फार लिहिणार नाही. तिचे कारण आध्यात्मिक शैथिल्य आहे, असे तुम्ही ठरवून टाकले आहे. मला ते पटत नाही. घरात एक माणूस शोकात असताना दुसरा रोज रात्री स्वतःचे गुण मोजत बसला, तर त्याला स्वतःचाच कंटाळा येणार. त्यात पहाटेची प्रार्थना आणखी अर्ध्या तासाने वाढवून काही सुधारेल, असे मुळीच नाही.

तेव्हा एकच गोष्ट करा. येत्या रविवारी गीते चालवू नका. मागच्या बाकावर, तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि आशीर्वचनानंतर ती उठेल तेव्हा तिच्याबरोबर बाहेर पडा, मग दाराशी कोणी तुम्हाला कितीही हाका मारोत. तिला वचन सांगू नका, लिडेलची गोष्ट सांगू नका, आणि हे तुम्ही तिच्यासाठी करत आहात असे तर चुकूनही सांगू नका. वाटेत तिने भावाचे नाव काढले तर ऐका. नाही काढले तर तुम्ही काढा, कारण गेल्या काही महिन्यांत तुमच्या तोंडून ते नाव तिने ऐकले असेल की नाही, याची मला शंका आहे. आणि हे एका रविवारपुरते नाही. ती स्वतःहून पुढच्या बाकावर येईपर्यंत तुमची जागा तिथेच आहे, मग त्याला वर्ष लागले तरी चालेल. मंडळीत गाणारे दुसरे कोणी निश्चित असेल. पाळकांना आजच कळवा, म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळेल.