अल्कीनच्या अभिक्रिया लक्षात कशा ठेवायच्या? परीक्षेबाहेर त्यांचा काही उपयोग असतो का?

"अकरावीचा हा धडा पाठ करायचा आणि सोडून द्यायचा," असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, त्यावरून लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचते.

रावेर तालुक्यात आमचं केळी पिकवायचं काम आहे, तिसरी पिढी. आजोबांची वखार होती, ते धुरी द्यायचे. काकांनी पुडी आणली, म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून घरी आले आणि रायपनिंग चेंबरचा, म्हणजे इथिलीन गॅस सोडून केळी पिकवायच्या बंद खोलीचा हट्ट धरला. काकांचं एकच पालुपद: "पोरी, गॅस तो गॅस. पुडीचा काय नि मशीनचा काय, केळं पिवळं झालं म्हणजे झालं."

नाही झालं. कार्बाइडला ओल लागली की निघतो तो ॲसिटिलीन, म्हणजे अल्काइन, ट्रिपल बॉन्डवाला. केळं स्वतः पिकताना सोडतं ते इथिलीन, सगळ्यात लहान अल्कीन, म्हणजे डबल बॉन्डवाला (द्विबंधवाला). ॲसिटिलीन त्याची नक्कल करतो, पण कितीतरी पट जास्त लागतो. वर बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्यावर बंदी आहे ती उगाच नाही. इथिलीनला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे.

आता माझी फजिती. चेंबरच्या पहिल्याच वर्षी निर्यातीतून परत आलेल्या चाळीस पेट्या स्वस्तात मिळाल्या. आपल्या कॅरेटांबरोबर त्याही आत लावल्या. 18 अंश तापमान, 24 तास इथिलीन, मग हवा बदलली, सगळं नियमाप्रमाणे. चौथ्या दिवशी दार उघडलं तर कॅरेटं पिवळीधमक आणि पेट्या हिरव्यागार. काकांनी एक फणी उचलली, सालीत नख रुतवून बघितलं आणि हमालांसमोर म्हणाले, "तुझ्या गॅसला शिकवणी लाव."

रात्री एकटीने पेटी उलगडली. आत पॉलिथिनची पिशवी, तोंड बांधलेलं, आणि फण्यांच्या मधे बोटाएवढी कागदी पुडी. (हो, पुडीच. काका अजून हसतात.) फाडली तर आत तपकिरी खडे. पॅकहाऊसमधल्या ओळखीच्या माणसाकडून न वापरलेली मागवली, त्यातले खडे गर्द जांभळे. मग डोक्यात प्रकाश पडला: पोटॅशियम परमँगनेट! प्रॅक्टिकलला द्विबंध ओळखायला जी बेयर टेस्ट करतो, जांभळा रंग जातो आणि तपकिरी गाळ बसतो, तीच त्या पेटीत चालू होती. समुद्रातून जाताना माल वाटेत पिकू नये म्हणून ती पुडी इथिलीन खाते. मी बाहेरून इथिलीन सोडत होते आणि पिशवी ओलांडून जेवढं आत जाई, तेवढं ती गिळत होती.

म्हणजे एका पेटीत तुमचा अर्धा धडा आहे. पिशवी इथिलीनच्याच रेणूंची माळ, म्हणजे पॉलिमरायझेशन. पुडी म्हणजे ऑक्सिडेशन. आणि माझ्या मशीनमध्ये अल्कोहोल तापलेल्या उत्प्रेरकावरून जातं, पाण्याचा रेणू सुटतो आणि इथिलीन उरतं. पुस्तकात याला निर्जलीकरण म्हणतात आणि पोरं ते उत्प्रेरकासकट घोकतात.

घोकू नका. द्विबंधात दोन बंध असतात: सिग्मा बंध घट्ट असतो, पाय (π) बंध सैल. त्याचे इलेक्ट्रॉन वरखाली पसरलेले, कुणीही इलेक्ट्रॉनचा भुकेला आला की त्याच्या हाती लागतात. पाय तुटतो, सिग्मा राहतो, दोन नवे बंध होतात. हायड्रोजन, ब्रोमीन, एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड), आम्लाच्या मदतीने पाणी, सगळीकडे हीच गोष्ट. एचबीआरमधला हायड्रोजन कुठल्या कार्बनला जाणार हे सांगणारा मार्कोव्हनिकॉव्हचा नियमही "ज्याच्याकडे जास्त हायड्रोजन त्याला आणखी एक" असा पाठ करू नका. प्रोपीनमध्ये हायड्रोजन टोकाच्या कार्बनला जातो, कारण मग धनभार मधल्या कार्बनवर येतो आणि दोन्ही बाजूंचे मिथिल गट त्याला आधार देतात. पेरॉक्साइड टाकलं की उलटं होतं, कारण तिथे आयन नाही, ब्रोमीनचा मुक्त रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अणू, आधी जोडला जातो. खराश आणि मेयो या रसायनशास्त्रज्ञांनी 1933 साली ते दाखवलं. हे एचबीआरलाच लागू. एचसीएलसाठी लिहिलंत तर मार्क गेले. ओझोनोलिसिस, म्हणजे ओझोनने द्विबंध तोडणं, मात्र थोडं घोकावंच लागतं, तिथे माझाही इलाज नाही.

इथे एक कबुली. पेट्या हिरव्या राहिल्या त्यात पुडीइतकाच बांधलेल्या पिशवीचा दोष होता. ती आधी सोडायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय टेस्ट ट्यूबमध्ये थंड, विरल परमँगनेटने ग्लायकॉल (दोन ओएच गटांचं अल्कोहोल) मिळतं, पुडीत ऑक्सिडेशन त्याच्या पुढे जातं. आणि हे वाचून कुणी घरी इथिलीन करायला जाऊ नका, हवेत 2.7 टक्क्यांच्या वर ते स्फोटक असतं. चेंबरमधले 100 पीपीएम म्हणजे 0.01 टक्के.

राहता राहिली आजोबांची धुरी. जळत्या पाल्याच्या धुरात इथिलीन असतं. म्हणजे शाळेचं तोंडही न पाहिलेला माणूस अल्कीन वापरत होता, मीही अल्कीनच वापरते. ट्रिपल बॉन्ड घरात आणला तो मधल्या पिढीने. आठ वर्षं झाली, जेवताना हा विषय काढला की काका ताट उचलून ओट्यावर जाऊन बसतात.