आरोग्य-प्रश्नोत्तरे : रेघ फिकट, वरून डाग

प्रश्न : पाळी चुकून पाच दिवस झाले. घरच्या तपासणीत दुसरी रेघ अगदी फिकट आली. काल तपकिरी डाग लागला. रक्तातले बीटा एचसीजी (गर्भ रुजल्यावर तयार होणारे संप्रेरक) १८० निघाले, सोनोग्राफीत काहीच दिसले नाही. जाऊबाई म्हणतात, दिवस गेलेच नव्हते, ही पाळीच आहे.
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दिवस गेले आहेत, एवढे नक्की. रेघ फिकट असली तरी रंगीत असेल आणि पाच मिनिटांच्या आत उमटली असेल, तर तो होकारच. घटाघटा पाणी पिऊन दुपारी तपासले तर लघवी पातळ होते आणि रेघ फिकी पडते. म्हणून सकाळची पहिली लघवी घ्यावी, किटवर लिहिलेले दोन-तीन थेंबच ड्रॉपरने टाकावेत आणि घड्याळ लावून बसावे. दहा मिनिटांनंतर दिसणारी राखाडी, बिनरंगाची रेघ म्हणजे लघवी वाळल्याची खूण, ती धरू नये. 'सी'समोर, म्हणजे किट नीट चालते हे दाखवणाऱ्या जागी, रेघच नसेल तर किट बाद. पण आता रोज नवी स्ट्रिप आणून रेघा ताडून पाहू नका. गर्भ आहे एवढेच ती सांगते. तो कुठे रुजला आणि वाढतो आहे का, हे तिला कळत नाही.

त्यासाठी रक्ताची तपासणी दोनदा हवी. १८० हा एकटा आकडा चांगलाही नाही, वाईटही नाही. ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या. लॅब बदलली की मोजण्याची पद्धत बदलते आणि तुलना फसते. नीट वाढणाऱ्या गर्भात या पातळीचा आकडा दोन दिवसांत किमान निम्म्याने वाढतो, म्हणजे २७० च्या आसपास किंवा पुढे जायला हवा. ९० वर घसरला तर गर्भ टिकत नाही असे समजावे. २०० वर रेंगाळला तर गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत (बीजवाहिनीत) तर नाही ना, ही शंका घ्यावीच लागते. आकडा छान वाढला तरी ती पूर्ण मिटत नाही, कारण नलिकेतला गर्भही कधीकधी सुरुवातीला तसाच वाढतो. सोनोग्राफीचे म्हणाल तर १८० ला काही न दिसणे अपेक्षितच आहे. आतून (योनीमार्गातून) केलेल्या सोनोग्राफीतही गर्भाभोवतीची पिशवी साधारण दीड ते साडेतीन हजारांच्या दरम्यान दिसू लागते.

पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चारपैकी एकीला रक्त दिसते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा गर्भ पुढे वाढतो. तपकिरी रक्त जुने असते. मात्र पोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, यांतले एकही झाले तर रिपोर्टसाठी थांबू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. नलिका फुटली की रक्त पोटात साचते, बाहेर थोडाच डाग दिसतो आणि घरचे तिथेच फसतात. सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी असते, पण डागासाठी त्या तारखेची वाट पाहायची नसते.

प्रश्न : सातवा आठवडा. लाल रक्त जाते आहे. सोनोग्राफीत पिशवी १६ मिमी, आत गर्भ नाही. डॉक्टर दहा दिवसांनी या म्हणतात. मेडिकलवाला 'साफ व्हायच्या' गोळ्या देतो म्हणाला. रक्तगट ए निगेटिव्ह.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्या गोळ्या घेऊ नका. १६ मिमीवर शंका घ्यायला जागा आहे, निश्चिती नाही. पिशवी सरासरी २५ मिमी होऊनही आत गर्भ नसेल, किंवा गर्भ ७ मिमी असून ठोके नसतील, तेव्हाच एका सोनोग्राफीवरून गर्भ गेला असे म्हणतात. बीज उशिरा सुटले असेल तर तुमचा सातवा आठवडा खरा सहावाच असू शकतो. डॉक्टर थांबवत आहेत ते त्यासाठी, दुर्लक्ष म्हणून नव्हे.

निगेटिव्ह गट मात्र आजच त्यांच्या कानावर घाला. अँटी-डी इंजेक्शन (निगेटिव्ह आईच्या रक्तात पॉझिटिव्ह गर्भाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) द्यायचे ठरले तर ते ७२ तासांच्या आत द्यावे लागते. दुखल्यास पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको. मांसल तुकडा पडला तर स्वच्छ डबीत घालून दाखवायला न्या. खाटेवर पडून राहिल्याने गर्भ वाचतो असे दिसलेले नाही. तुम्ही बादली उचललीत म्हणून हे झाले, असे कुणी म्हणाले तर ते खरे नाही. लवकरच्या गर्भपातांत बहुतेक वेळा दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो.

प्रश्न : गर्भपात होऊन पंधरा दिवस झाले, तरी दुसरी रेघ येते.

उत्तर : एचसीजी रक्तातून उतरायला काही आठवडे लागतात. तीन आठवडे पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासा. तेव्हाही रेघ आली तर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करावी. ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर त्याआधीच डॉक्टरांकडे जा.