आडनाव एकच असले म्हणजे मूळ पुरुषही एकच असतो का? जुनी पत्रे आणि डीएनए चाचणी यांवरून हे ठरवता येते का?

आपले आडनाव फडणीस आहे, पेशवेकाळातील पत्रांच्या एका छापील संग्रहात आपल्याला फडणीस म्हणवणाऱ्या एका गृहस्थांचे पत्र सापडले आहे, आणि हे आपले पूर्वज असतील का, डीएनए चाचणीने ते सिद्ध करता येईल का, असे आपण विचारले आहे. माझेही आडनाव फडणीस आहे. याच प्रश्नावरून माझे थोरले काका त्यांच्या आयुष्याची शेवटची अकरा वर्षे माझ्याशी धड बोलले नाहीत, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

स्पष्ट सांगतो, केवळ आडनाव एक आहे म्हणून ते गृहस्थ आपले पूर्वज ठरत नाहीत. फडणीस हे कुळाचे नाव नसून कामाचे नाव आहे; फडणीस म्हणजे हिशेबाचे काम पाहणारा अधिकारी. पुण्यास हुजुरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कारभारात, फडणीस होते, शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या दरबारांत होते आणि एखाद्या आडवळणाच्या महालातही, म्हणजे वसुलाच्या लहान विभागातही, होते. त्यामुळे हे आडनाव आज देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे, कायस्थ प्रभू अशा निरनिराळ्या ज्ञातींत आढळते. सबनीस, पोतनीस, चिटणीस, पारसनीस या सर्वांची गोष्ट हीच आहे. दोन पारसनीस एकमेकांस भेटले, तर दोघांच्या पूर्वजांकडे फारसी पत्रव्यवहाराचे काम असावे, एवढेच त्या आडनावावरून म्हणता येते.

सर्वांत प्रसिद्ध फडणीसांचेच उदाहरण घ्यावे. नाना फडणीस (१७४२–१८००) हे वेळासच्या भानू घराण्यातले. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन, आणि त्यांच्या कागदांत ते याच नावाने भेटतात. पेशवे हेसुद्धा मूळचे श्रीवर्धनचे भट. अधिकारपदावरून लोक ओळखू लागले आणि पुढे तेच पद आडनाव होऊन बसले. नानांच्या मागे औरस पुत्र राहिला नाही; पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांनी दत्तक घेतला. म्हणजे नानांच्या थेट पुरुषवंशाशी आपले गुणसूत्र जुळते, असे आज कोणी म्हणू लागला, तर जुळवण्यासाठी समोर नमुना कोणाचा घेतला, हा पहिला प्रश्न त्याला विचारावा लागेल.

माझ्या काकांना हा प्रश्न मी विचारला, ही माझी चूक धरली गेली. आमच्या घरी प्रत्येक लग्नात आणि मुंजीत ‘आम्ही नानांच्या घराण्यातले’ असे ते पाहुण्यांना सांगत. आम्ही देशस्थ, भानू कोकणस्थ. ही अडचण दाखवली की ‘घाटावर आल्यावर पोटजात बदलली’ असे उत्तर मिळे. काका सज्जन होते, अभिमानी होते, आणि पडक्या वाड्याखेरीज त्यांच्या हाती फारसे काही उरले नव्हते, हे मी आज समजू शकतो. तेव्हा समजून घेतले नाही.

वाडा उतरवताना माजघरातील फडताळात खारव्याच्या तांबड्या फडक्यात बांधलेला एक रुमाल निघाला. त्यात सुमारे साठ कागद होते, सर्व मोडीत. त्यांतले एक अक्षर घरात कोणालाही वाचता येत नव्हते, आणि तरीही ते कागद काय सांगतात याविषयी सर्वांची खात्री होती. मी बावन्नाव्या वर्षी मोडी शिकलो. ज्यांनी ही लिपी हाताळली आहे त्यांना ठाऊक आहे की शब्द तोडून लिहिलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाच्या हाताचे वळण निराळे असते. एका सनदेतील एकाच जागी मी दोन संध्याकाळ अडून बसलो होतो. आमच्या मूळ पुरुषाच्या नावापुढे फडणीस असणार असे मी गृहीत धरले होते, आणि अक्षरे काही केल्या तशी जुळत नव्हती. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन खिडकीपाशी बसल्यावर ती आपोआप सुटी झाली: ‘जोसी कसबेमजकूर’, म्हणजे सदर कसब्याचे जोशी. त्याच्या पुढची ओळ अशी होती: ‘यांसी महालमजकूरची फडणीसी सांगितली असे, इमानेइतबारे वर्तोन सेवा करणे’. सनदेवर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ हे साल होते. अलफ म्हणजे हजार, मया म्हणजे शंभर, सबैन सत्तर आणि इहिदे एक. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरली जाणारी अरबी आकड्यांची कालगणना, ११७१; म्हणजे इसवी सन १७७०–७१. आम्ही जोशी होतो. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत एका महालाचे हिशेब लिहिण्याचे काम मिळाले आणि त्या कामाने आम्हाला नाव दिले.

मला त्या ओळीचा अतिशय अभिमान वाटला आणि आजही वाटतो. काकांना मात्र ती अपमानासारखी लागली. ‘मोडी आली म्हणून घराण्याचे नाव पुसायला निघालास’, असे ते सर्वांसमोर म्हणाले आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचे थांबले. मी नाव पुसले नव्हते, नाव कोठून आले ते वाचले होते. हे त्यांना शांतपणे पटवून देण्याऐवजी मी प्रत्येक समारंभात ती सनद काढून दाखवत राहिलो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता विज्ञानाकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि आपल्याकडे आडनावही त्याच वाटेने जाते, म्हणून ही दोन्ही पडताळून पाहण्याची कल्पना निघाली. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच, म्हणजे साइक्स या आडनावाच्या ४८ पुरुषांचे नमुने तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील २१ जणांत एकच वाय नमुना आढळला आणि त्यावरून त्यांनी त्या घराण्याचा एक मूळ पुरुष असावा असे मांडले. पुढे २००९ साली लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावे तपासली. अॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच वंशाचे निघाले, आणि स्मिथ या आडनावात तसे काहीच निघाले नाही. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगावी लोहार होते, त्यामुळे गावोगावी स्मिथ झाले. आपले फडणीस हे स्मिथच्या पंगतीतले आडनाव आहे. एखादे अगदी विरळ, एकाच खेड्यावरून पडलेले ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव असते, तर मी आपल्याला निराळे उत्तर दिले असते. तरीही त्या खेड्यातून बाहेर पडलेल्या निरनिराळ्या घरांनी तेच आडनाव लावले असण्याची शक्यता उरतेच.

काका गेल्यानंतर त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, हौसेने ही चाचणी करवून घेतली आणि मलाही करायला लावली. आम्हा दोघांचे जुळले, ते जुळणारच होते. मग थोरल्या पातीतील, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेतील, दोघांनी नमुने दिले. ती मंडळी तीन पिढ्यांपूर्वी बडोद्यास गेली, पण वंशावळीत त्यांचा आणि आमचा मूळ पुरुष एकच लिहिलेला आहे. त्यांचे नमुने एकमेकांशी जुळले, आमच्याशी मुळीच जुळले नाहीत. अहवाल आला त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलले गेले त्याची मला आजही लाज वाटते. पाच-सहा पिढ्यांपूर्वीच्या, नावही धड माहीत नसलेल्या एका बाईच्या चारित्र्याविषयी, चहा पिता पिता, शिकलेली माणसे तर्क करू लागली.

मी रुमाल पुन्हा सोडला. आधीच्या वेळी ज्या कागदांत सनदा, इनाम, नेमणूक असे शब्द नव्हते ते मी नीट वाचलेच नव्हते. त्यांत शके १७५८ चे, म्हणजे १८३६ सालचे, दत्तकपत्र निघाले. थोरल्या पातीत संतान नव्हते, म्हणून मेहुण्याचा धाकटा मुलगा मांडीवर घेतला, त्यास ‘वृत्तीसुद्धा धनी केले’, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे आणि खाली गावातील सात जणांच्या साक्षी आहेत. एवढेच घडले होते. मुलगा आला, त्याला गोत्र मिळाले, आडनाव मिळाले, फडणीसी मिळाली. गुणसूत्र मात्र दत्तक घेणाऱ्या बापाचे नव्हे, आपल्या जन्मदात्या बापाचेच राहिले. प्रयोगशाळेचा अहवाल अचूक होता, पण काय घडले ते त्यात नव्हते, ते त्या कागदात होते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टरमध्ये सापडला, तेव्हाही असेच झाले होते: बहिणीच्या वंशातून आलेले मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून मुलांना मिळणारे डीएनए, जुळले आणि वंशावळीतील पुरुषशाखेचे वाय गुणसूत्र जुळले नाही. तेथे तुटलेला दुवा नेमका कोठे आहे हे सांगणारा कागद नव्हता. आमच्याकडे होता, आणि तो असूनही आम्ही आधी अहवालावर विश्वास ठेवून एका मृत स्त्रीला दोषी धरले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की आधी कागद वाचावेत आणि चाचणी नंतर करावी, तीही एखाद्या ठरावीक शंकेचे निरसन करण्यापुरती. आपल्या घरी काही नसेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात आपल्या महालाचे रुमाल पाहावेत, भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करावी, आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याचा लेख आहे का ते बघावे. तेथे पूर्वज स्वतः जाऊन गाव, बाप आणि आजा यांची नावे सांगत असत. १८५२ नंतर इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे घराण्यांनी दाखल केलेल्या कैफियती (लेखी निवेदने) व वंशावळीही उपयोगी पडतात, मात्र इनाम टिकवण्याच्या धडपडीत तयार झालेल्या वंशावळी जशाच्या तशा मान्य करू नयेत. छापील कुलवृत्तांतांनाही तेच लागू आहे. दोन शाखा कोठे जोडल्या आहेत ते पाहावे आणि त्या जोडाला कोणत्या कागदाचा आधार दिला आहे ते विचारावे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चाचणीसाठी ज्यांचे नमुने घ्याल त्यांना निकाल नकोसाही निघू शकतो हे अगोदर सांगून त्यांची संमती घ्यावी, कारण निकाल एकट्याचा नसतो, सगळ्या भावकीचा असतो. आणि कागद आधी वाचा हा माझा आग्रह वतनदार घराण्यांपुरताच खरा आहे. महाराष्ट्रातील फार मोठ्या समाजाच्या नावावर वतन नव्हते, सनद नव्हती, आणि अनेकांची आडनावे तर शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली आहेत. त्यांच्यासाठी चाचणी हा कदाचित पहिलाच पुरावा असेल. त्या बाबतीत माझा अनुभव उपयोगाचा नाही.

आपल्या पत्राविषयी मला एकच विचारायचे आहे. फडणीस हा शब्द त्या गृहस्थांनी स्वतः नावापुढे लावला आहे, की पत्र लिहिणाऱ्याने अमुक महालाचे फडणीस म्हणून त्यांचा उल्लेख केला आहे? दुसरे असेल तर त्या महालाचे नाव येथे कळवावे, आणि शक्य असल्यास मूळ मोडी पत्राचे छायाचित्रही द्यावे. छापताना संपादकांनी कंसात घातलेले आडनाव मूळ कागदावर नसते, असे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.