वाचकांचे प्रश्न : सासऱ्यांनी दिलेली आत्मचरित्रं

प्रश्न – नमस्कार ताई, निपाणीहून लिहितोय. आमचे मामा म्हणजे सासरे, रिटायर झाल्यापासून कादंबरीला हात लावत नाहीत, फक्त चरित्रं नायतर आत्मचरित्रं, आणि गेलं की मला पण एक हातात देतात. मी दोन वाचलो. दोन्हीत तेच की ओ, गरिबी, कष्ट, मग मानसन्मान, शेवटी हार घातलेले फोटो. शाळेतल्या थोर पुरुषांच्या धड्यासारखं वाटालंय. आणि दुसऱ्याच्या घरातलं वाचायचं म्हणजे जरा चोंबडेपणाच नाही काय? लोकांना यात एवढी गोडी कसली? मामांना नको म्हणायला पण होईना.

उत्तर – कंटाळा आला त्यात तुमची काही चूक नाही हो. माणूस गेल्यावर गौरव म्हणून काढलेली पुस्तकं असतात ना, त्यात तो पाळण्यापासूनच थोर असतो, मग अशा माणसाशी आपण बोलायचं तरी काय. पण तेवढ्यावरनं सगळ्यांवर फुली मारू नका.

धोंडो केशव कर्व्यांचं बघा. महर्षी, भारतरत्न, शंभरी ओलांडलेले, हे सगळं आपल्याला पाठ. पण पोरवयात ते कोकणातल्या मुरुडहून घाट चढून चालत साताऱ्याला गेले, परीक्षेला बसायला, आणि तिथं वय कमी दिसतंय म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. आले तसे परत. आता हे वाचताना आपल्याला पुढचं सगळं माहीत असतं, १९५८ चं भारतरत्नसुद्धा, पण त्या पोराला त्यातलं काहीच माहीत नाही, त्याचे पाय दुखत असणार आणि घरी जाऊन काय सांगायचं हाच घोर असणार. मला आत्मचरित्रातलं हेच सगळ्यात आवडतं, तो एखादा दिवस जेव्हा त्या माणसाला स्वतःचं पुढचं काही दिसत नसतं. आपण सगळे रोज तिथंच तर उभे असतो, पोराची ॲडमिशन होईल का, दुकान चालेल का. तुम्हाला मिळालेल्या पुस्तकांत असले दिवस गाळले असतील, म्हणून ती कोरडी लागली.

चोंबडेपणाचं म्हणाल तर, कट्ट्यावरच्या गप्पांत ज्याच्याबद्दल बोलतो तो माणूस तिथं नसतो. इथं तोच बोलतोय, काय सांगायचं काय झाकायचं त्यानंच ठरवलंय, आपण फक्त ऐकायला बसलोय.

एक सांगते. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक, १९१० सालचं, मी लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाचनालयातनं आणलं होतं. न्यायमूर्ती रानडे बायकोला शिकवतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात खपत नाही, मग त्या रमाबाईंना काय काय ऐकवतात, असा तो भाग. तिथं समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘आमच्या आत्याबाई’. बाकी काही नाही, दोनच शब्द, आणि ते पान कोपऱ्यात इतकं मऊ पडलेलं की बोटाला कापडासारखं लागत होतं. (आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं.) वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे मला मान्य आहे, पण त्या बाईचा मला राग आला नाही. बेळगावातलीच कुठलीतरी सून, शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या एका मोठ्या घरात तिला स्वतःचं घर सापडलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं. तुम्ही गोडी कसली विचारलात, मला तरी ती त्या दोन शब्दांतच दिसते.

आणि एकच गोष्ट दोन बाजूंनी वाचायला मिळते ती मजा वेगळीच. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे, जन्म १८३१ चा. हिंदू घरात वाढलेला मुलगा ख्रिस्ती कसा झाला ते त्यांनी ‘अरुणोदय’मध्ये स्वतः सांगितलंय, १८८८ साली. ते वाचा आणि मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. इथं धर्म बदलतो तो नवरा, १८९५ मध्ये, आणि सांगते ती मागं राहिलेली बायको, जिला त्या दिवशी आपण आता कुणाच्या कोण तेच कळत नव्हतं, पुढं काही वर्षांनी ती स्वतःही त्या वाटेनं गेली ती गोष्ट वेगळी. दोघांचे काळ वेगळे, घरं वेगळी, पण एकाकडे निर्णय आहे आणि दुसरीकडे त्या निर्णयानं विस्कटलेलं घर. कुणाचं बरोबर हे मला आजपण ठरवता येत नाही, आणि लक्ष्मीबाई तर असल्या दुःखात पण मधेच अशा हसवतात की पुस्तक मिटवून जरा वेळ बसावं लागतं.

तुम्ही मात्र आधी ‘झोंबी’ घ्या. आनंद यादव कागलचे, तुमच्या निपाणीपासून हायवेनं असं कितीसं लांब! बाप शाळेतनं काढून मळ्याच्या कामाला जुंपतो आणि पोरगं शाळा सोडायला तयार नाही, त्याचीच सगळी झोंबाझोंबी. १९८७ चं पुस्तक, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला, पण पुरस्कारासाठी वाचू नका, त्यातली भाषा तुमच्या आजूबाजूचीच आहे म्हणून वाचा. वाचून झालं की ते तुम्हीच मामांना द्या.

प्रश्न – मी बेळगावात बी.ए. करते. ‘सत्याचे प्रयोग’ पूर्ण वाचलं, मुख्य म्हणजे बेळगाव काँग्रेससाठी वाचलं, पण ते अधिवेशन त्यात आलंच नाही. गांधीजी अध्यक्ष असून असं कसं?

उत्तर – शाब्बास, शेवटपर्यंत वाचलंस म्हणून कळलं. आपलं अधिवेशन डिसेंबर १९२४ चं, गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाला. आणि ‘सत्याचे प्रयोग’ त्यांच्या ‘नवजीवन’ साप्ताहिकात यायला लागलं १९२५ च्या शेवटी, म्हणजे वर्षभरातच, सगळं ताजं असताना. पण त्यांनी गोष्ट १९२० च्या नागपूर काँग्रेसपाशी आणून थांबवली. त्यापुढचं आपलं आयुष्य सगळं लोकांसमोरच आहे, लोकांना माहीत नाही असं त्यात फारसं काही नाही, असा त्यांचा विचार. मला पण पहिल्यांदा वाचताना हिरमुसल्यासारखं झालं होतं, टिळकवाडीतल्या, त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवरनं लहानपणापासून येजा केलेली, वाटलं आपल्या गावाला चार ओळी तरी असतील. पण आत्मचरित्र असंच असतं, लिहिणारा आपल्याला पाहिजे तिथं दार लावून घेतो, म्हणून त्याच्या जोडीला दुसऱ्यानं लिहिलेलं चरित्र लागतं आणि तिसऱ्या कुणाच्या आठवणी पण. ते अधिवेशन इथं उभं करणारे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, त्यांनीसुद्धा आपली जीवनकथा लिहून ठेवलीय. पाहुण्याच्या वहीत नाही मिळालं तर यजमानाच्या वहीत बघायचं. वाचनालयात विचार, आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, तिथली मंडळी शोधून देतील.

प्रश्न – ‘श्रीमान योगी’ला चरित्र म्हणायचं का? आमच्यात वाद झालाय. (खानापूर)

उत्तर – नाही, कादंबरी आहे ती. रणजित देसाई आपल्या शेजारच्या कोवाडचे म्हणून जीव जास्त, माझा पण आहे, पण त्यातले संवाद त्यांनी रचलेले आहेत. चरित्रकाराला तसं करता येत नाही, कागद सापडला नाही तर त्याला गप्प बसावं लागतं. दोन्ही वाचा, फक्त कादंबरीतलं वाक्य महाराजांचं म्हणून स्टेटसला टाकू नका.

प्रश्न – आई ७४ वर्षांची आहे, माहेर अथणीकडचं. रोज जुनं काहीतरी सांगत बसते. हे लिहून ठेवावंसं वाटतं पण ती म्हणते माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं. कुठनं सुरू करू?

उत्तर – आजच करा बाई, खरंच आजच. माझ्या आईचं माझ्याकडे काही नाही, उद्या करू उद्या करू म्हणत राहून गेलं आणि आता तिचा आवाज कसा होता ते पण नीट आठवत नाही.

‘तुझं आयुष्य सांग’ असं म्हणू नका, त्यावर सगळेच गप्प होतात. छोटं विचारा. विहिरीला पाणी होतं का, दुष्काळात पाणी कुठनं आणायचात, पहिली चप्पल कधी मिळाली, लग्नाच्या दिवशी जेवायला काय होतं. भाकऱ्या करताना, शेंगा सोलताना विचारा, हात कामात असले की बायका मोकळ्या बोलतात. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बाजूला ठेवा, दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि फाईलला तारीख घाला. एकच गोष्ट तीनदा सांगितली तर तीनदा ऐका, दरवेळी एखादं माणूस नवीन निघतं.

आणि लिहिताना तिची भाषा सुधारू नका. अथणीकडची म्हणजे बोलताना मधेच कन्नड येत असणार, अव्वा, अक्का, बेकु, साकु, जे येईल ते तसंच राहू दे. राग आला की ती कुठल्या भाषेत जाते ते पण लिहा.